उपपात्रांचा नकार

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं आपल्या वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून जें कांहीं लिहिलें जातें, त्यांत एक वाक्य इतक्या वेळां वाचावयास मिळतें कीं तें आतां जवळजवळ सिद्धांताच्या पदवीला पोहोंचलें आहे. तें वाक्य असें, कीं गौण पात्रें हीं नायक-नायिकेच्या व्यक्तित्वावर प्रकाश टाकण्याकरितां असतात. लिहिणाराचा हेतु बहुधा स्तुतीचाच असतो. अमुक मालिकेंतील आत्या, तमुक मालिकेंतील कारकून, तिसऱ्या मालिकेंतील शेजारी फार बहारीचा वठला आहे असें सांगून झाल्यावर त्याचें कारण म्हणून हें वाक्य पुढें करण्यांत येतें. आमच्या मतें हें कारण सपशेल खोटें आहे. इतकेंच नव्हे, तर जीं पात्रें या हेतूनें जन्माला घातलीं जातात तीं कधींच बहारीचीं वठत नाहींत. दिवटी धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाहीं; त्याच्या उजेडांत दुसरें काय दिसतें तें पाहतात.

या मताची वंशावळ जुनी आहे. आपल्या शास्त्रकारांनीं पीठमर्द, विट, चेट, विदूषक असे नायकाचे साहाय्यक सांगून ठेवले, आणि इंग्रजी साहित्याच्या वर्गांत तर याकरितां एक सोयिस्कर शब्दच आहे. खड्याला अधिक तेज यावें म्हणून जवाहिरे त्याच्याखालीं जो पातळ वर्ख बसवीत, त्याचें नांव तिकडे अशा पात्राला देतात. दरसाल शेंकडों उत्तरपत्रिकांतून हा वर्ख आमच्या हाताला लागतो. परंतु शास्त्रकारांनीं सांगितलें म्हणून नाटककारांनीं तें ऐकलें असें मुळींच नाहीं. 'मृच्छकटिका'च्या आठव्या अंकांत शकार आपल्या चेटाला, स्थावरकाला, वसंतसेनेचा जीव घेण्याची आज्ञा करतो. आधीं आमिष दाखवितो, मग मारतो. स्थावरक दास आहे. आपल्या देहावर धन्याची सत्ता आहे हें त्याला मान्यहि आहे. तरी तो तें काम करीत नाहीं. पुढें त्याला बेड्या घालून वाड्याच्या माडीवर कोंडतात. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत असलेलें पाहून तो तेथून खालीं उडी टाकतो, खरें काय तें ओरडून सांगतो, आणि शकाराच्या एका थापेसरशीं त्याचें म्हणणें फुकट जातें. नाटक चारुदत्त-वसंतसेनेचें आहे. पण ज्या क्षणीं तो दास 'नाहीं' म्हणतो त्या क्षणापुरतें तें त्याचें होतें, आणि त्या वेळीं चारुदत्ताच्या सौजन्यावर कितपत प्रकाश पडला याची चौकशी करण्याची बुद्धि कोणाही प्रेक्षकाला होत नाहीं.

शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्यें याहूनहि मौजेचा प्रकार आहे. क्लॉडिओ नांवाच्या तरुणाचा शिरच्छेद टाळावयाचा आहे. त्याच्याऐवजीं दुसऱ्या कोणाचें तरी शिर अधिकाऱ्याकडे पाठविणें भाग आहे. आणि तुरुंगांत नऊ वर्षें खितपत पडलेला बार्नार्डिन नांवाचा एक खुनी आयताच आहे. कथानकाला त्याच्यापासून केवळ एक डोकें हवें. बार्नार्डिन गवतावरून उठून येतो आणि सांगतो कीं आपण रात्रभर दारू पीत होतों, आज मरावयाला आपली तयारी नाहीं, आणि कोणाच्याहि सांगण्यावरून आपण आज मरणार नाहीं. एवढें बोलून तो पुन्हां कोठडींत निघून जातो. प्रत्यक्ष ड्यूक साधूच्या वेषांत त्याची मनधरणी करतो, तीहि व्यर्थ होते. अखेर त्याच सकाळीं तापानें मेलेल्या एका चांच्याचें शिर शोधून काढून नाटककाराला आपली अब्रू राखावी लागते!

आमचें म्हणणें या दोन उदाहरणांत आलेंच आहे. उपपात्र मनांत भरतें तें कथानकाला नकार देण्याची शक्ति त्याच्या अंगीं असते म्हणून. प्रत्येकानें प्रत्यक्ष नकार दिलाच पाहिजे असें नव्हे. पण हा माणूस तो देऊं शकेल, आणि दिल्यास त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागेल, असें प्रेक्षकाला वाटलें पाहिजे. तें वाटतें केव्हां? तर नायकाच्या भानगडींशीं ज्यांचा कांहींएक संबंध नाहीं असा त्याचा स्वतःचा उद्योग, स्वतःचें देणें-घेणें, स्वतःचा अभिमान असेल तेव्हां. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'मधील तळीरामाचेंच पाहा. सुधाकराच्या हातीं प्याला देणें एवढेंच त्याचें काम असतें तर तो एका प्रवेशांत संपता. पण तळीरामाला आर्यमदिरामंडळ चालवावयाचें आहे. सुधाकर हा त्याच्या दृष्टीनें त्या मंडळाचा एक नवा सभासद. नायकाला आपल्या यादींतलें एक नांव समजणारें हें पात्र शंभर वर्षें लोटलीं तरी लोकांच्या तोंडीं राहिलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

दूरचित्रवाणीच्या मालिकेला तर या बाबतींत नाटकाहून मोठी सोय आहे. नाटकाला तीन तास, मालिकेला वर्षें. पहिल्या वर्षीं ज्याला तोंड उघडण्याचें प्रयोजन नव्हतें तें पात्र चौथ्या वर्षीं आपला हिशेब मागावयास उभें राहूं शकतें. या सोईचा पुरता उपयोग करणारी जी एक मालिका आमच्या पाहण्यांत आहे ती अमेरिकेंतील 'दि वायर'. २००२ पासून २००८ पर्यंत पांच पर्वांत मिळून तिचे साठ भाग झाले. स्थळ बाल्टिमोर शहर. कर्ता डेव्हिड सायमन, पूर्वीचा वार्ताहर. त्याचा प्रमुख सहकारी एड बर्न्स, आधीं पोलीस आणि मग शाळामास्तर. मादक द्रव्यांचा गल्लीबोळांतला व्यापार आणि त्याच्या मागावर असलेले पोलीस हा प्रारंभींचा विषय. पुढें बंदर, नगरपालिका, शाळा आणि वृत्तपत्र असा एकेका पर्वागणिक विस्तार होत जातो. (शिवी घातल्यावांचून त्यांत क्वचितच कोणी बोलतो, हें मुलाबाळांसह पाहूं इच्छिणाऱ्या वाचकांना आधींच सांगून ठेवणें बरें.) मॅक्नल्टी नांवाच्या ज्या पोलिसाची आपल्याला नायक म्हणून ओळख होते, तो दुसऱ्या पर्वाच्या आरंभीं शिक्षा म्हणून बंदरांतल्या गस्तीच्या नावेवर पाठविला गेलेला आहे, आणि चौथ्या पर्वांत तर तो अगदीं थोडा दिसतो. मालिका त्याच्यावांचून अडत नाहीं.

तींत बोडी नांवाचा एक पोरगा आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून पुड्या विकणारा, व्यापाराच्या उतरंडींत अगदीं तळाचा. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागांत तो आणि त्याचा सोबती वॉलेस बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन भलताच खेळ खेळत बसलेले असतात. त्यांच्याहून जरा वरच्या पायरीवरचा डिअँजेलो त्यांना खरा खेळ समजावून सांगतो. राजा कोणता, वजीर कोणता, हें ऐकून घेतांना बोडीचें लक्ष एकाच गोष्टीकडे: प्यादें पलीकडच्या टोंकाला पोहोंचलें तर काय होतें? प्यादीं बहुधा आधींच मारलीं जातात असें डिअँजेलो सांगतो. हुशार प्यादें असेल तर तसें होणार नाहीं, असें बोडीचें मत पडतें. त्याच पर्वाच्या अखेरीस वरून हुकूम येतो, आणि हें हुशार प्यादें आपल्या सोबत्याला, वॉलेसला, गोळी घालतें. वॉलेस हा ओसाड घरांत बेवारशी पोरांना सांभाळणारा, सकाळीं त्यांना उठवून, हातांत खाऊ देऊन शाळेंत पाठविणारा मुलगा. बोडीचा हात त्या वेळीं कांपतो, पण तो नकार देत नाहीं. इथपर्यंत तो खराखुरा चेट आहे.

लेखकांनीं त्याला तेथें सोडलें नाहीं, आणि विशेष म्हणजे त्याला एकाएकीं साधुपुरुषहि केलें नाहीं. तो कोपऱ्यावरच उभा राहतो. धनी तुरुंगांत जातात, मरतात, नवा धनी येतो, कोपरा बदलतो. बोडी आपलें काम इमानानें, जवळजवळ एखाद्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीच्या अभिमानानें करीत राहतो. चौथ्या पर्वांत त्याच्या ओळखीच्या एका मुलाला नव्या धन्याची माणसें मारून ओसाड घरांत पुरून टाकतात, आणि त्याला कारण म्हणण्यासारखें कांहीं नसतें. तेव्हां त्याच्या मनांत कांहीं तरी तुटतें. तो पोलिसाशीं बोलतो, पटावरच्या प्याद्यांसारखी आपली गत झाली अशी कबुली देतो, आणि त्याच रात्रीं मारेकरी आले असतां आपला कोपरा सोडून पळावयास नकार देतो. मागून आलेली गोळी त्याला लागते. साठ भागांच्या त्या अफाट पसाऱ्यांत हें मरण कथानकाच्या दृष्टीनें किरकोळ आहे. कोणताहि खटला त्यामुळें उभा राहत नाहीं. तरी त्या मालिकेच्या प्रेक्षकांपैकीं कोणालाहि विचारा, तो मॅक्नल्टीच्या आधीं बोडीचें नांव घेईल. याचें कारण त्याला जास्त वेळ मिळाला हें नव्हे. जो एकदां 'हो' म्हणून गेला त्याच्या तोंडीं 'नाहीं' येण्याला चार वर्षें लागलीं, आणि तीं चार वर्षें तो दुसऱ्या कोणासाठीं नव्हे, तर स्वतःच्या कोपऱ्यासाठीं जगत होता, हें कारण आहे.

मालिका-लेखनाचें शास्त्र सांगणारे पंडित येथें म्हणतील, यांत नवीन तें काय? उपपात्राला एक लकब द्या आणि एक जुनी जखम द्या, म्हणजे तें उठून दिसतें, असें आम्हीहि सांगतोंच! होय, सांगतां, आणि म्हणूनच आपल्या मालिकांतून एकच म्हणणें दर दोन वाक्यांनंतर उच्चारणारा मामा आणि ट्रंकेंत कोणाचा तरी जुना फोटो जपून ठेवणारी मावशी यांचा सुळसुळाट झाला आहे. लकब आणि उद्योग यांत काय फरक आहे तो याच मालिकेंतील लेस्टर फ्रीमनवरून समजावा. हा पोक्त पोलीस प्रथम दिसतो तेव्हां मेजाशीं बसून बाहुलीघरांत शोभेल असें इवलेंसें लाकडी सामान कोरीत असतो. झाली लकब, असें आपल्याला वाटतें. मग हळूहळू कळतें कीं पूर्वी तो खुनांचा तपास करणारा निष्णात माणूस होता. चोरीचा माल घेणाऱ्या एका इसमाला वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध त्यानें खटल्यांत ओढलें, आणि तो इसम एका संपादकाचा मुलगा निघाला. त्याचें फळ म्हणून गहाणवटीच्या दुकानांची नोंद ठेवणाऱ्या शाखेंत तेरा वर्षें आणि चार महिने! ते चार महिने तो स्वतः न विसरतां सांगतो. म्हणजे तें कोरीवकाम ही गंमत नव्हे. चांगल्या हातांना खरें काम नाकारलें गेलें म्हणजे ते हात काय करतात तें आपण पाहत होतों. आणि ज्या गुन्हेगाराचें छायाचित्रहि पोलिसांपाशीं नव्हतें त्याचें चित्र हा माणूस मुष्टियुद्धाच्या एका जुन्या जाहिरातींतून शोधून आणतो, तेव्हां नायक त्याच्या मदतीला आहे कीं तो नायकाच्या, हा प्रश्नच उरत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. संध्याकाळीं सात ते दहा या वेळांत आपल्या घराघरांतून ज्या मराठी मालिका चालतात त्यांतील दिवाणखाना वाचकांच्या डोळ्यांसमोर असेलच. नायिकेच्या हातून पूजेचें ताट पडतें, अथवा कोणी अनपेक्षित पाहुणा उंबऱ्यांत उभा राहतो. लगेच ढगांच्या गडगडाटासारखा आवाज होऊन कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो: सासू दचकली, सासरे दचकले, मोठी जाऊ दचकली, दीर दचकला, दारांतली मोलकरीणहि दचकली. मग तेच चेहरे पुन्हां एकदां. ही दहा माणसें सकाळीं अकरा वाजतां एका खोलींत उभीं कशीं? यांच्यांतल्या कोणाला कचेरी नाहीं? कोणाची लोकल चुकत नाहीं? मोठ्या जावेनें गॅसवर कुकर ठेवला असेल तर त्याच्या शिट्या मोजतें कोण? घरांतला काका सेवानिवृत्त आहे एवढेंच आपल्याला सांगितलेलें असतें. कोणत्या नोकरींतून निवृत्त झाला हें पांचशें भाग झाले तरी कळत नाहीं. नटाच्या तारखा मिळाल्या नाहींत कीं तो गांवीं जातो, मिळाल्या कीं परत येतो, आणि गांवीं त्यानें काय केलें हें त्याला कोणी विचारीत नाहीं. अशा माणसाला नकार देतां येणें शक्यच नाहीं, कारण त्याच्यापाशीं नायिकेच्या सुखदुःखावांचून दुसरें कांहीं राखावयाचें नाहीं.

ही केवळ कलेची उणीव असती तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती. आपल्या घरांतून शाळेंत जाणारीं मुलें रोज रात्रीं जेवतांना हें पाहतात. माणसांचे दोन वर्ग असतात, कांहींच्या आयुष्यांत गोष्टी घडतात आणि बाकीचे त्या पाहून तोंडें करतात, असें त्यांच्या मनावर रोज ठसतें. आपल्या घरांतली अविवाहित आत्या कोणत्या वर्गांत जमा होते, पोळ्या करावयास येणाऱ्या बाई कोणत्या, हें त्यांना वेगळें सांगावें लागत नाहीं. 'दि वायर'मध्यें या वर्गवारीचें स्वरूप एका लहानशा प्रसंगानें उघडें केलें आहे. गर्दुल्ल्यांच्या धन्यांना लुटणारा ओमार लिटल, ज्याच्या नुसत्या चाहुलीनें रस्ते ओस पडत, तो एका दुकानांत सिगारेट घेत असतां एका कोवळ्या पोराच्या गोळीनें मरतो. शहरांतल्या वृत्तपत्राच्या कचेरींत ती बातमी येते. मेजावर एका घराला लागलेल्या आगीचीहि बातमी असते. जागा थोडी म्हणून आगीची ठेवतात आणि ओमारची गाळतात. शवागारांत तर त्याच्या नांवाची चिठ्ठी दुसऱ्याच प्रेताला लावलेली असते. कोण गौण हें ठरविणारी एक खुर्ची असते, आणि तींत बसलेला माणूस वाईट असतोच असें नाहीं, हें इतक्या थोडक्यांत सांगितलेलें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला मालिका करणाऱ्यांचा: आम्हांस रोज एक भाग द्यावा लागतो, प्रसंग आदल्या रात्रीं लिहून होतो, वीस-बावीस मिनिटांत दहा माणसांचे उद्योग कोठून दाखवावे? रोजच्या रतिबाची ओढाताण आम्ही जाणतों. परंतु बार्नार्डिनला शेक्सपिअरनें किती जागा दिली? तो दोनच प्रवेशांत येतो, आणि त्यांतल्या दुसऱ्यांत, त्याला ड्यूककडून जीवदान मिळतें तेव्हां, तो एक अक्षरहि बोलत नाहीं. आभारसुद्धां मानीत नाहीं. बावीस मिनिटांपैकीं दहा चेहरे तीन-तीनदां दाखविण्यांत जो वेळ जातो त्यांत असे दोन बार्नार्डिन सहज बसतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, कीं प्रेक्षकांनाच हें नको आहे. त्यांना एक सोशिक नायिका द्या, एक खलनायिका द्या, बाकीच्यांचें त्यांना सुतक नाहीं. टीआरपीचे आंकडे पाहा. यावर आम्ही प्रेक्षकांचीच साक्ष काढतों. १९८४ च्या जुलैपासून १९८५ च्या डिसेंबरपर्यंत दूरदर्शनवर 'हम लोग' ही हिंदी मालिका चालली. आम्ही तेव्हां शाळेंत होतों, आणि आळींत ज्यांच्याकडे दूरदर्शनचा संच असे त्यांच्या ओट्यावरच्या चपला मोजून आंत जागा मिळेल कीं नाहीं याचा अंदाज घेत असूं. ती लिहिली हिंदीचे नामांकित कादंबरीकार मनोहर श्याम जोशी यांनीं. दारुड्या बसेसरराम, त्याची सोशिक बायको भगवंती, लल्लू, नन्हे, बडकी, मझली, छुटकी, आजोबा आणि आजी: त्या घरांत नायक असा कोणीच नव्हता. लल्लूला नोकरी हवी, नन्हेला क्रिकेट खेळावयाचें, मझलीला सिनेमांत जावयाचें, छुटकीला डॉक्टर व्हावयाचें. सगळ्यांचीं तोंडें निरनिराळ्या दिशांना, आणि घर एवढेंसें. प्रेक्षकांनीं लाखोंनीं पत्रें पाठविलीं. बडकीनें अश्विनीशीं लग्न करावें असा सल्ला देणाऱ्या मुलींनीं तो मालिकेच्या निर्मात्याला नव्हे, तर थेट बडकीला दिला.

पण आमच्या मुद्द्याची खरी साक्ष भगवंतीची आहे. मेक्सिकोंतील मिगेल साबिदो यानें लोकशिक्षणाकरितां मालिका रचण्याची जी पद्धत बसविली होती, तिच्या धर्तीवर 'हम लोग'ची आंखणी झाली होती: कांहीं पात्रें अनुकरण करण्याजोगीं, कांहीं टाळण्याजोगीं, कांहीं मधल्या वाटेवरचीं. आरंभीं कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता कीं लोक कंटाळले आणि पहिल्या कांहीं भागांनंतर तो पातळ करावा लागला. या आंखणींत भगवंती ही धोक्याची पाटी होती. मुकाट्यानें सोसणाऱ्या बाईची काय दशा होते तें पाहून बायकांनीं शहाणें व्हावें, असा बेत होता. आणि प्रेक्षकांचा गैरसमज राहूं नये म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटीं स्वतः अशोककुमार येऊन दोन शब्द समजावून सांगत. पुढें अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनीं प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हां असें आढळलें कीं पुष्कळांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, भगवंतीलाच आदर्श मानलें होतें. तिच्यासारखें सोसावें असें आमचें मत मुळींच नाहीं. त्या स्त्रियांशीं या बाबतींत आम्ही भांडावयास तयार आहों. परंतु लेखक, सरकार आणि अशोककुमार या तिघांनीं मिळून जिच्या गळ्यांत एक अर्थ बांधला, तिनें तो उतरवून ठेवला आणि ती प्रेक्षकांच्या घरांत स्वतःच्या पायांनीं शिरली, ही गोष्ट राहतेच. मार खाणाऱ्या, दहा वेळां जेवणें वाढणाऱ्या, नवऱ्याची वाट पाहत जागणाऱ्या त्या बाईला एक घर चालवावयाचें होतें, आणि तें ती चालवीत होती. हें प्रेक्षकांना दिसलें. उपदेश दिसला नाहीं.

तेव्हां प्रेक्षकांच्या नांवानें बोटें मोडण्यांत अर्थ नाहीं. आज रात्रीं साडेआठ वाजतां नायिकेच्या हातून पुन्हां ताट पडणार आहे, हें आम्ही जाणतों; तें पडूं द्या. मोठ्या जावेला मात्र, ती दचकून उभी राहण्यापूर्वीं, आंत जाऊन कुकर उतरवूं द्या.